मिकी माऊस काढायला आणि रंगवायला मुलांना कसं शिकवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकलेच्या वर्गात कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच, "मला मिकी काढायचाय." पुढचे प्रश्न मात्र पालकांकडून येतात, आणि बहुतेक तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही. अडलेला प्रश्न शोधा. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कितव्या वर्षी मूल मिकी काढू शकतं?

रेघ फिरवून जिथून निघाली तिथे आणून मिटवता आली की सुरुवात करता येते. समोरचा गोल पाहून गोल काढणं बहुतेक मुलांना तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमतं. फुली आणि चौकोन चौथ्याच्या आसपास येतात, त्रिकोण पाचव्याच्या. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलाने एक मोठा आणि दोन लहान गोल काढले तरी तो मिकीच समजावा. डोळे, नाक, हसू पाच-सहाव्या वर्षी येतं. हातापायांसकट उभा मिकी सात-आठच्या आधी मागू नये. वळलेल्या मानेचा मिकी त्याहून अवघड आहे (प्रश्न १०). ही वयं अंदाजाची आहेत. वर्षभर मागेपुढे होतं आणि त्यात काळजीचं काही नसतं.

२. सुरुवात मिकीपासूनच का? तो खरंच सोपा आहे का?

आकाराने सोपा आहे, आणि त्याला कारण आहे. १९२८ साली वॉल्ट डिस्नी आणि अब आयवर्क्स यांनी हे पात्र उभं केलं तेव्हा प्रत्येक हालचाल हाताने काढावी लागत होती. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. इतकी चित्रं झपाट्याने काढायची, आणि दर वेळी पात्र तेच दिसायला हवं. म्हणून डोकं गोल, कान गोल, धडही गोलाकार. हातपाय तर सांधे नसलेल्या रबरी नळ्यांचे. थोडक्यात, पटकन आणि पुन्हा पुन्हा काढता यावा म्हणूनच तो असा घडवला गेला. मुलांनाही नेमकं तेच हवं असतं.

सोपा नाही तो त्याचा चेहरा. कपाळावरची काळी कड आणि गालांची रेघ यांत मोठेही गडबडतात. ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. मला स्वतःला चित्र काढता येत नाही. मी कसं शिकवणार?

तुम्हाला चांगलं येत नसेल तर एका परीने बरंच. सफाईदार हात असलेले पालक मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन "हे बघ, असं" म्हणत मुलाच्याच कागदावर रेघ ओढतात, आणि मग ते चित्र मुलाचं राहत नाही. तुम्ही वेगळा कागद घ्या, शेजारी बसा आणि एकेक पायरी बरोबरीने काढा. तुमचा मिकी वेडावाकडा आला तर मूल खूश होतं आणि त्याचा हातही मोकळा होतो. नियम एकच पाळा: मुलाच्या कागदाला तुमची पेन्सिल लागता कामा नये.

४. साहित्य काय काय घ्यावं?

थोडंच. एचबी पेन्सिल, मऊ खोडरबर, साधी चित्रवही आणि एका प्रकारचे रंग. 'एच' मालिकेच्या कडक पेन्सिली देऊ नका; त्या कागदावर चरे पाडतात आणि ते चरे नंतर रंगातून पांढरे उठून दिसतात. लहान मुलांना जाड मेणखडू द्यावेत, सहानंतर रंगीत पेन्सिली. तेलखडूंचा रंग छान भरतो, पण हात, बाही, टेबल सगळं माखतं. स्केचपेन वापरायचे असतील तर जाड कागद हवा, नाहीतर रंग मागच्या पानावर उतरतो. जलरंगांना तर वहीचा कागद चालतच नाही. तो फुगतो आणि चुरगळतो. त्यासाठी २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप; आकडा मोठा तितका कागद जाड) पुढचा कागद घ्या.

कंपास मात्र देऊ नका. मागितला तरी नको. हाताने गोल काढायचा सराव हाच इथला निम्मा अभ्यास आहे.

५. चेहरा कोणत्या क्रमाने काढायचा?

मुलं डोळ्यापासून सुरुवात करतात, कारण बघताना आधी डोळेच दिसतात. मग डोळ्याभोवती चेहरा बसवताना जागा पुरत नाही आणि एक कान कागदाबाहेर जातो. म्हणून मोठ्यापासून लहानाकडे यायचं.

आधी कागदाच्या मधोमध, थोडा खाली, एक मोठा गोल. रेघ इतकी फिकट की हात लांब धरला तर जेमतेम दिसावी. एका झटक्यात गोल येत नसेल तर कागदाला न टेकता पेन्सिल हवेत दोन-तीनदा गोल फिरवायची आणि फिरता फिरता टेकवायची. दुहेरी-तिहेरी रेघा आल्या तरी चालेल, त्यातली चांगली नंतर निवडता येते.

या गोलात एक उभी मधली रेघ आणि एक आडवी रेघ काढायची. आडवी रेघ बरोबर मध्यावर नको, किंचित खाली. मग कान (प्रश्न ६).

नाक दोन रेघा मिळतात तिथे थोडं खाली येतं: आडवा, लंबगोल, काळा. नाकाच्या वरून एक छोटी वळलेली रेघ जाते, तो मुस्कटाचा उंचवटा. डोळे या वळलेल्या रेघेवर उभे राहतात, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, उंच लंबगोल आणि एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळ. डोळे लांब गेले की मिकी बेडकाकडे झुकतो. हे एकदा मुद्दाम करून दाखवा, मुलं खदखदून हसतात आणि अंतराचा मुद्दा कायमचा लक्षात राहतो.

नाकाखाली हसू, एका गालापासून दुसऱ्यापर्यंत लांब, टोकांना गालाच्या छोट्या आडव्या खुणा. तोंड उघडं हवं असेल तर खाली हनुवटीचा भाग गोलाच्या बाहेर थोडा उतरू द्यावा. गाल दोन्ही बाजूंना किंचित फुगतात, म्हणजे पहिल्या गोलाच्या बाहेर येतात.

आता ती अवघड कड. चेहऱ्याचा उजळ भाग आणि डोक्याचा काळा भाग यांच्यामधली ही रेघ गालापासून निघते, डोळ्याच्या बाहेरून वर चढते, डोळ्याच्या डोक्यावरून वळते आणि मधल्या रेघेवर टोक करून खाली येते. दुसऱ्या बाजूला हेच उलटं. मुलांना तोंडी सांगायला एवढं पुरतं: "गालावरून वर, डोळ्यावरून उडी, मध्ये खाली." तीन-चार वेळा बोटाने गिरवून घ्या, मग पेन्सिल.

शेवटी हव्या त्या रेघा ठळक करायच्या आणि कच्च्या रेघा खोडायच्या. खोडणं शेवटीच. मध्येच खोडत बसलेलं मूल पुढे सरकत नाही.

६. सगळं बरोबर येतं, पण कान चुकतात. का?

तीन कारणं, आणि बहुतेकदा तिन्ही एकदमच हजर असतात. कान छोटे पडतात: त्यांची रुंदी डोक्याच्या निम्म्याहून थोडी जास्त हवी. कान डोक्याच्या माथ्यावर चिकटतात: ते घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी हवेत. आणि कान डोक्यात घुसतात: ते डोक्याला टेकलेले असावेत, अर्धे लपलेले नकोत.

कागद उलटा करून उजेडासमोर धरा आणि मागून बघा. वाकडा कान लगेच दिसतो. आरशात पाहिलं तरी चालतं.

७. जुन्या चित्रांत मिकीचे डोळे काळे असतात आणि त्यात चीर असते, नव्यात पांढरे. कोणते शिकवावेत?

दोन्ही बरोबर आहेत, काळ वेगळा. सुरुवातीच्या मिकीचे डोळे म्हणजे नुसते काळे लंबगोल. छापील चित्रांमध्ये त्या लंबगोलाचा एक छोटा त्रिकोणी तुकडा कापलेला दिसतो, नजर कुठे आहे ते कळावं म्हणून. १९३०च्या दशकाच्या अखेरीस फ्रेड मूर या अॅनिमेटरने त्याला नवं रूप दिलं, तेव्हा डोळ्यांत पांढरा भाग आणि बाहुली आली.

लहान मुलांना जुने डोळे द्या. एक आकार, एक रंग, झालं. नव्या डोळ्यांत दोन्ही बाहुल्या एकाच दिशेला बघायला हव्यात, आणि ते सहा वर्षांच्या मुलाला जमेलच असं नाही. तिरळा मिकी तयार होतो. मोठ्यांनी मात्र बाहुल्यांशी खेळावं. बाहुली जरा सरकवली की भाव बदलतो.

८. मिकीला चारच बोटं का? मुलगा हट्टाने पाच काढतो.

छोट्या हातावर पाच बोटं दाटी करतात, आणि हजारो चित्रांत एक बोट वाचलं की श्रमही वाचतात. म्हणून तीन बोटं आणि अंगठा. पांढरे हातमोजे १९२९मध्ये आले. अंग काळं, हात काळे, चित्रपट काळापांढरा. अंगासमोर आलेला हात दिसायचाच नाही. मोज्याच्या पाठीवरच्या तीन छोट्या रेघा विसरू नका, त्यांच्याशिवाय हात ओका दिसतो.

मुलगा पाच काढत असेल तर काढू द्या. स्वतःच्या हाताकडे बघून तो मोजतोय, ही चांगलीच गोष्ट आहे.

९. पूर्ण मिकी काढताना पाय कागदावर मावत नाहीत.

डोकं काढण्याआधी उंची ठरवा. मिकीची उंची ढोबळमानाने तीन डोकी: एक डोकं, एक धडासाठी, एक पाय आणि बुटांसाठी. कागदावर तीन सारख्या खुणा करून घ्या आणि वर कानांसाठी जागा सोडा. ती हमखास विसरली जाते.

धड खाली रुंद, वर निमुळतं. खालच्या अर्ध्यात चड्डी आणि तिच्यावर दोन लंबगोल बटणं. हातपाय बारीक, सारख्या जाडीचे, कोपर-गुडघ्याशी टोक नसलेले. बूट मात्र अंगाच्या मानाने चांगले मोठे. त्यांच्यामुळेच तो पडत नाही असं वाटतं. शेपटी बारीक आणि लवचिक, एकाच झटक्यात ओढायची. हळूहळू काढलेली शेपटी थरथरते.

१०. मान वळवलेला, बाजूला बघणारा मिकी कसा शिकवू?

एक चेंडू घ्या आणि त्यावर दोन रबरबँड चढवा, एक उभा, एक आडवा. चेंडू मुलासमोर सरळ धरला की दोन्ही रेघा सरळ दिसतात. आता चेंडू थोडा उजवीकडे फिरवा. उभी रेघ सरकते आणि वाकते. वर फिरवा, आडवी वाकते. प्रश्न ५ मधल्या त्या दोन कच्च्या रेघा म्हणजे हे रबरबँड. डोकं कुठे बघतंय ते आधी या रेघा ठरवतात, डोळे-नाक त्यांच्या मागोमाग जातात. हे समजलेलं मूल पुढे कुठल्याही पात्राचं डोकं वळवू शकतं, म्हणून इथे घाई करू नका. एक अख्खा दिवस नुसते रेघा मारलेले चेंडू काढले तरी वाया जात नाही.

मिकीच्या बाबतीत एक गंमत आहे. डोकं कसंही वळलं तरी त्याचे कान पूर्ण गोलच राहतात. खऱ्या उंदराचा कान बाजूने चपटा दिसेल, मिकीचा नाही. तो डोक्यावर फक्त जागा बदलतो. पूर्ण बाजूच्या चित्रात एक कान पुढच्या बाजूला वर आणि दुसरा मागे येतो. हुशार मुलं "हे कसं शक्य आहे?" म्हणून भांडतात. शक्य नाहीच, चित्रकारांनी तसं ठरवलं, कारण ते दोन गोल दिसले नाहीत तर तो मिकी वाटत नाही.

११. ट्रेसिंग पेपरवर गिरवू द्यावं की ती फसवणूक?

गिरवू द्या, पण गिरवलेलं पान हे शेवटचं चित्र नसावं. गिरवताना हाताला वळणाची ओळख होते. जागा आणि प्रमाण कळत नाही, कारण ते आधीच ठरलेलं असतं. चांगला उपाय असा: छापील मिकीवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त आतले गोल शोधायला सांगा. डोकं कुठला गोल, गाल कुठले, पोट कुठलं. बाह्यरेषा गिरवायचीच नाही. मग तो कागद बाजूला ठेवून तेच गोल वहीत हाताने.

१२. छापील चित्रात रंग भरण्याने चित्रकला बिघडते, असं ऐकलंय. खरं का?

बिघडत नाही. रंग भरणं आणि चित्र काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. रंग भरताना हाताचा दाब, कड सांभाळणं, एका जागी टिकून बसणं हे येतं. आकार रचायला येत नाही. फक्त छापीलच पानं मिळाली तर कोरा कागद पाहून मूल बिचकतं, तक्रार आहे ती एवढीच. दोन्ही द्या.

१३. रंग बॉर्डरच्या बाहेर जातो. काय करावं?

पाच वर्षांखाली: काही नाही, जाऊ द्या. त्यापुढे, आधी कडेच्या आतून त्याच रंगाची एक जाड पट्टी फिरवून घ्यायची, मग मधला भाग भरायचा. मधून कडेकडे धावणारा हात वेळेवर थांबत नाही. मुलाने स्वतः वाकडं होण्याऐवजी कागद फिरवावा. लांब रेघोट्यांपेक्षा छोटे छोटे गोल फिरवत भरलं तर पट्टे दिसत नाहीत. रंगीत पेन्सिलीने एकदाच दाबून भरण्यापेक्षा हलक्या हाताने दोन-तीन थर द्यावेत.

१४. काळा रंग लाल चड्डीवर पसरतो आणि सगळं मळकट होतं.

काळा सगळ्यात शेवटी. आधी चेहऱ्याचा फिकट रंग, मग पिवळे बूट, मग लाल चड्डी, आणि ती झाल्यावर काळं अंग, कान, डोकं. हाताखाली एक कोरा कागद ठेवा म्हणजे तळवा रंग ओढत नाही.

काळ्या मेणखडूचे कण सुटतात. ते बोटाने झटकले की डाग पडतो, फुंकर मारायची. कडेला काळा स्केचपेन आणि आत खडू ही जोडी चांगली जमते. मात्र स्केचपेनची शाई पाण्यात विरघळते. वरून जलरंग लावलात तर काळे ओघळ आलेच. जलरंग वापरायचे तर आधी रंग, पूर्ण वाळू द्या, मग काळी रेघ. नाकावर आणि बुटांवर एक छोटा ठिपका कोरा सोडा. तेवढ्याने ते चकाकतात.

१५. पांढरे हातमोजे पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत.

मोज्यांना रंग नको, पाठीमागच्या जागेला द्या. मागे फिकट निळा किंवा पिवळा आला की मोजे आपोआप उठून येतात. मोठ्या मुलांना मोज्याच्या खालच्या कडेला अगदी हलकी निळसर-राखाडी सावली देता येईल. पांढरा खडू वापरून काही साधत नाही. अपवाद एक: त्याने आधी मोजे भरून घेतले आणि वरून जलरंगाची पार्श्वभूमी मारली, तर मेणावर पाणी ठरत नाही आणि मोजे कोरे राहतात. मुलांना हे जादूसारखं वाटतं.

१६. मुलीने मिकी निळा-हिरवा रंगवला. दुरुस्त करू का?

नको. मूळ मिकीला तर पडद्यावर रंगच नव्हता. चित्रपटगृहासाठीचा त्याचा पहिला रंगीत लघुपट १९३५चा. मूळ रंगसंगती जमतेय का हे बघायचंच असेल तर दुसऱ्या पानावर, "आता ओळखीचा मिकी" असं सांगून करून घ्या. पण रंग ओळखताना वारंवार गोंधळ होत असेल तर प्रश्न १८ वाचा.

१७. "माझं चांगलं नाही येत" म्हणून कागद फाडते. समजूत कशी काढू?

"छान आहे गं" म्हणू नका, तिला ते खोटं असल्याचं दिसतं. तिची तक्रार बरोबर असते: समोरचं चित्र आणि तिचं चित्र वेगळं आहे. कुठे वेगळं आहे ते शोधायला लावा. डोळे? कान? एकच जागा निवडा आणि तेवढीच दुसऱ्या कागदावर पुन्हा. पूर्ण चित्र पुन्हा काढायला लावलं की चिडचिड वाढते. समोर ठेवायचं चित्रही तपासा. बऱ्याचदा ते संगणकावर सावल्या टाकून गुळगुळीत केलेलं असतं. त्याच्याशी क्रेयॉनची बरोबरी होणार कशी? हाताने काढलेलं साधं रेषाचित्र समोर ठेवा.

सात ते दहा या वयात हे जास्त होतं. नजर हाताच्या पुढे गेलेली असते.

१८. मूल डावखुरं असेल, किंवा रंगांत गोंधळत असेल, तर?

डावखुऱ्याने उजवीकडून सुरुवात करावी, म्हणजे काढलेल्यावर तळवा फिरत नाही. कागद उजवीकडे कलता ठेवा आणि तुम्ही त्याच्या समोर बसून काढून दाखवा. हात बदलायला लावू नका.

लाल-हिरव्यात किंवा तपकिरी-हिरव्यात सतत गोंधळ होत असेल तर तो निष्काळजीपणा नसू शकतो. रंगांधत्व मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये बरंच जास्त आढळतं आणि ते जन्मतःच असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तोवर खडूंवर रंगाचं नाव लिहून ठेवा. मिकी अशा मुलांना सोयीचा पडतो, कारण काळा, पांढरा आणि पिवळा ओळखायला सहसा अडचण येत नाही.

१९. टॅबलेटवर शिकवलं तर चालेल का?

आधी कागद. टॅबलेटवर चुकलेली रेघ एका टिचकीने जाते, त्यामुळे फिकट कच्ची रेघ काढायची सवयच लागत नाही, आणि प्रश्न ५ मधला सगळा क्रम त्या रेघेवर उभा आहे. आठ-नऊनंतर, हात बसल्यावर, थरांसाठी टॅबलेट चांगला: एका थरावर गोल, वरच्या थरावर पक्की रेघ.

२०. मिकी जमला. पुढे कोण?

मिनी लगेच येते: तोच सांगाडा, पापण्या, बो आणि फ्रॉक. मग फेलिक्स हे मांजर. ते १९१९चं, म्हणजे मिकीहूनही जुनं. तेही काळंच, फक्त कान टोकदार. १९५०चा स्नूपी हा कुत्रा मुख्यतः बाजूने काढला जातो, म्हणून तो वेगळा सराव देतो. टॉम आणि जेरी (१९४०) दोघं एकाच चित्रात घेतले की लहान-मोठ्याचं प्रमाण शिकवता येतं. बग्ज बनीचा लांबट चेहरा आणि डोनाल्ड डकची चोच मी शेवटी ठेवते. चोच समोरून काढणं हे मोठ्यांनाही त्रासाचं काम आहे.

२१. मुलांनी काढलेला मिकी शाळेच्या प्रदर्शनात लावला किंवा टी-शर्टवर छापून विकला तर चालतं का?

घरी काढणं, वर्गात शिकणं, भिंतीवर लावणं याबद्दल सहसा कोणी हरकत घेत नाही. विकणं वेगळं. अमेरिकेत १९२८च्या लघुपटांतल्या मिकीवरचा स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपला, पण तो त्या जुन्या रूपापुरताच. नंतरची बरीच रूपं अजून संरक्षित आहेत आणि मिकी हा डिस्नी कंपनीचा ट्रेडमार्कही आहे, ज्याला अशी मुदत नसते. इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत. विक्रीसाठी काही करायचंच असेल तर मुलांना त्याच गोलांतून स्वतःचा प्राणी बनवायला सांगा: कान बदला, शेपटी बदला, कपडे बदला, नाव नवं द्या. टी-शर्टवर तो छापा.